पार्किंगमधले उंदीर आणि तुमचा नवा धंदा: नुसती बाटली विकू नका, गाडी सांभाळा



पावसाळा सुरू झाला की आमच्यासारख्या गाडीच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात एक प्रश्न रोज येतो. "दादा, उंदरासाठी काही आहे का?" विचारणारा वैतागलेला असतो. सकाळी ऑफिसला निघायचं, किल्ली फिरवली, गाडी सुरूच होत नाही. किंवा सुरू होते, पण डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. बोनेट उघडून बघावं तर वायरींचा चुरा आणि बॅटरीमागे पोळीचा अर्धा तुकडा.

मग दुकानदार काय करतो? शेल्फवरची स्प्रेची बाटली काढून देतो. ग्राहक खूश, दुकानदार खूश. आणि पंधरा दिवसांनी उंदीरही खूश!

ट्रेनिंगला येणारी बरीच मुलं-मुली विचारतात, "सर, कमी भांडवलात काय करता येईल?" त्यांच्यासाठी आजचा विषय. उभ्या गाडीला उंदरांपासून सांभाळणं ही एक चांगली सेवा होऊ शकते. गरज खरी आहे, पुन्हा पुन्हा येणारी आहे, आणि तुमच्याच बिल्डिंगखाली आहे. पण एक अट आहे. आपण एरवी म्हणतो ना, माल ओळखल्याशिवाय धंद्यात पडू नका? इथे आधी उंदीर ओळखायचा.

उंदीर गाडीत का येतो?

सगळे उंदीर सारखे नसतात. घरात दिसतो तो छोटा उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून, म्हणजे साधारण ६ मिलिमीटरमधून आत शिरतो. काळा उंदीर मोठा, आणि चढण्यात पटाईत. पाइप, केबल, टायर, कशावरूनही वर जातो. घूस जमीन पोखरते. पार्किंगची फरशी हलायला लागली, कडेला मातीचे ढिगारे दिसले, की समजायचं. झाडाखाली गाडी असेल तर खारही येते, ती दिवसा. बोनेटखाली काथ्या, कापूस, चिंध्या आणून घरटं करते. आणि चिचुंद्री? लोक तिलाच लाथा घालतात, पण लांब नाकाची ही बाई उंदरांच्या कुळातलीच नाही. तिचं खाणं मुख्यतः किडे. तुमच्या वायरींशी तिचं काही देणंघेणं नाही.

उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. ते झिजवायला त्याला सतत काहीतरी कुरतडावं लागतं. म्हणजे वायर हे त्याचं जेवण नाही. त्याला गाडीत तीन गोष्टी मिळतात: ऊब, आडोसा आणि आसपास खाणं. संध्याकाळी गाडी लावली की इंजिन बराच वेळ गरम राहतं. बोनेटच्या आतला मऊ थर म्हणजे त्याच्यासाठी फुकटची गादी. रात्रभर कोणी हलवत नाही. अजून काय पाहिजे?

"नवीन गाड्यांच्या वायरींना सोयाबीनपासून केलेलं आवरण असतं, म्हणून उंदीर खातात" हे तुम्ही ऐकलं असेल. अमेरिकेत याच मुद्द्यावर २०१६ मध्ये ग्राहकांनी टोयोटावर खटला भरला होता. पण सोयाबीनचा विषयही नव्हता तेव्हाच्या गाड्यांच्या आणि टेलिफोनच्या वायरीही उंदरांनी कुरतडल्याच आहेत. त्यामुळे ग्राहकाला "तुमच्या गाडीची वायरच तशी आहे" असं सांगून मोकळं व्हायचं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. उंदीर रोज त्याच वाटेने, भिंतीला चिकटून जातो. त्या वाटेवर त्याच्या लघवीचा आणि अंगाच्या तेलकटपणाचा वास राहतो. तोच वास पुढच्या उंदराला रस्ता दाखवतो. म्हणून गॅरेजमध्ये नवीन वायरिंग करून आणलेली गाडी त्याच जागी, तशीच न धुता उभी केली तर पुन्हा कुरतडली जाते. वायर बदलली, पण वाट तशीच राहिली. आपला धंदा ही वाट मोडण्याचा आहे.

बाजारात काय मिळतं आणि किती चालतं?

स्प्रे: वासाने थोडे दिवस फरक पडू शकतो. पण इंजिनाच्या उष्णतेने आणि पावसाच्या पाण्याने वास उडतो. पुदिन्याचं तेल, तंबाखूची पानं, काळी मिरी यांचंही तेच. वापरायचं तर जोडीला वापरा, एकट्याच्या भरवशावर राहू नका.

डांबर गोळ्या: बोनेटखाली ठेवू नका, ठेवू देऊ नका. त्या पेट घेतात आणि आपण त्या गरम इंजिनाशेजारी ठेवतो. त्यांची वाफ एसीतून केबिनमध्ये जाते, जिथे लहान मुलं बसतात.

आवाजाचं यंत्र: माणसाला ऐकू न येणारा आवाज काढून उंदीर पळवतो, असा दावा असतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्ये अशी यंत्रं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या ६० हून जास्त कंपन्यांना बजावलं होतं की दाव्यांना शास्त्रीय पुरावा पाहिजे. उंदराला आवाजाची सवय होते, आणि हा आवाज वस्तूंच्या आड फारसा पोचत नाही. इंजिनात तर आडच आड. शिवाय यंत्र गाडीच्या बॅटरीवर चालत असेल तर महिनाभर उभ्या गाडीची बॅटरी उतरेल, तो भाग वेगळा.

तिखट टेप: होंडा कंपनीने मिरचीतला तिखटपणा, म्हणजे कॅप्सेसिन लावलेली टेप काढली आहे. कल्पना चांगली आहे, दुरुस्त केलेल्या वायरींवर गुंडाळायला उपयोगी. पण जिथे गुंडाळली तेवढ्यापुरतीच.

चिकट पॅड: उंदीर तडफडून मरतो, आणि त्यात पाली, पक्षी, मांजराची पिल्लंही अडकतात. हे आपल्या सेवेत नको.

मग खरं काम कोणतं? चार पायऱ्या

पहिली पायरी, तपासणी. चांगला टॉर्च आणि मोबाइल घ्या. गाडी थंड असताना बघा. बॅटरीच्या मागे, बोनेटच्या आतल्या थरात, एअर फिल्टरच्या डब्यात, वायपरखालच्या जाळीत, ग्लोव्ह बॉक्समागच्या एसी फिल्टरवर आणि डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात. तांदळाच्या दाण्याएवढ्या लेंड्या म्हणजे छोटा उंदीर, मनुक्याएवढ्या म्हणजे मोठा. मऊ आणि चकाकणाऱ्या असतील तर ताज्या. एसी लावल्यावर कुबट वास येतो का, काचेवर पाणी मारणारा फवारा चालतो का, हेही विचारा. उंदीर येतो की नाही याची खात्री नसेल तर रात्री टायरभोवती बारीक रांगोळी पसरा. सकाळी पावलांचे ठसे आपोआप सांगतील. प्रत्येक गोष्टीचा फोटो काढा.

पेट्रोलचा वास आला तर मात्र तिथेच थांबा. उंदीर इंधनाची रबरी नळीही कुरतडतो. अशी गाडी सुरू करायची नाही, मेकॅनिकला बोलवायचं. ही गोष्ट हलक्यात घेऊ नका, आग लागू शकते. वायर कुरतडणंही फक्त खर्चापुरतं नसतं. रात्री दोनला घरच्या कोणाला दवाखान्यात न्यायचंय आणि गाडी हलत नाही, तेव्हा ग्राहकाला कळतं की ही सेवा कशासाठी होती.

दुसरी पायरी, सफाई. इथे तुमच्या जिवाचा प्रश्न आहे. उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो. मुंबई आणि कोकणात पावसाळ्यात या आजाराचे रुग्ण दरवर्षी सापडतात. २००५ च्या महापुरानंतर मुंबईत त्याची मोठी साथ आली होती. म्हणून हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय बोनेटखाली हात घालायचा नाही. हाताला जखम असेल तर त्या दिवशी काम दुसऱ्याला द्या. लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत, हवेचा पाइप मारायचा नाही. एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी असं मिश्रण फवारा, पाच मिनिटं थांबा, मग कागदाने उचला आणि ओल्या फडक्याने पुसून घ्या. हे मिश्रण वायरींच्या जोडांवर, अल्टरनेटरवर किंवा कॉम्प्युटरच्या डब्यावर जाऊ द्यायचं नाही. केबिनमधले बिस्किटांचे तुकडे, वेफर्सची पाकिटं, मुलांच्या सीटखालचा खाऊ, सगळं बाहेर काढा.

तिसरी पायरी, जाळी. स्टीलची किंवा गॅल्व्हनाइज्ड जाळी घ्या, छिद्र ६ मिलिमीटरपेक्षा मोठं नको. प्लॅस्टिकची जाळी उंदीर हसत हसत तोडतो. वायपरखालून केबिनमध्ये हवा जाते ती वाट आणि एसी फिल्टरकडे जाणारी वाट, या दोन जागा महत्त्वाच्या. गाडीच्या पोटाखालचं प्लॅस्टिकचं कव्हर निसटलं असेल, क्लिपा पडल्या असतील तर त्या बसवून घ्या. जाळीच्या कडा आत दुमडा, नाहीतर उंदराऐवजी तुमचीच जाळी वायर कापेल. पाणी निघून जाण्याची भोकं बंद करू नका, पावसाचं पाणी केबिनमध्ये येईल. फॅन, बेल्ट आणि सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम भागाजवळ काहीही बांधू नका. आणि हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी रंगाची केबल दिसली की हात मागे. तो जास्त व्होल्टेजचा विषय आहे.

ग्राहकाला एक गोष्ट स्पष्ट सांगा. इंजिन थंड राहायला हवा लागते, त्यामुळे इंजिनाची जागा खालून पूर्ण बंद करता येत नाही. जाळीने केबिन आणि एसी वाचतो. इंजिन वाचवायचं असेल तर चौथी पायरी हवीच.

चौथी पायरी, पार्किंगची जागा. कचऱ्याच्या डब्यांना झाकण आहे का? कुत्र्या-मांजरांसाठी ठेवलेलं खाणं रात्रभर तसंच राहतं का? कबुतरांना दाणे कोण टाकतं? जुने टायर, मोडकं फर्निचर, रद्दी पार्किंगच्या कोपऱ्यात पडलीय का? गाडी भिंतीपासून थोडी लांब लावता येईल का? भिंतीच्या कडेने पिंजरे ठेवा, आत सुकट, भजी किंवा गूळ-शेंगदाण्याचा गोळा. पण मोठा उंदीर नवीन वस्तूला बिचकतो. म्हणून पहिले तीन-चार दिवस पिंजरा दार उघडं बांधून ठेवा, त्याला खाऊन जाऊ द्या. सवय झाली की मग दार लावा. हेच न केल्यामुळे "पिंजऱ्यात येतच नाही हो" अशी तक्रार होते.

ग्राहकांसाठी एक फुकटचा सल्ला: गाडी रोज किंवा एक दिवसाआड हलवा. सुरक्षित, बंदिस्त जागा असेल तर रात्री बोनेट उघडं ठेवलं तरी आडोसा जातो आणि उंदीर टिकत नाही.

विषाला हात लावायचा नाही

काही जण म्हणतील, एवढं कशाला, औषध टाकलं की संपलं. थांबा. धंदा म्हणून पेस्ट कंट्रोल करायला १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली परवाना लागतो. तो नसताना दुसऱ्याच्या सोसायटीत उंदराचं औषध टाकत फिरू नका.

व्यवहाराच्या दृष्टीनेही ते परवडत नाही. बाजारातल्या बऱ्याच वड्यांमध्ये रक्त गोठू न देणारं औषध असतं. उंदीर लगेच मरत नाही, काही दिवसांनी मरतो. कुठे? कदाचित तुमच्या ग्राहकाच्याच डॅशबोर्डमागे! मग त्या वासासाठी अख्खा डॅशबोर्ड उघडावा लागतो. आणि तो अर्धमेला उंदीर खाणारं मांजर किंवा घुबडही मरतं, जे तुमचं काम फुकटात करत होतं. सोसायटीला औषधच हवं असेल तर परवाना असलेल्या पेस्ट कंट्रोलवाल्याशी जोडून घ्या. तो तुम्हाला गिऱ्हाईक देईल, तुम्ही त्याला द्या.

तसंच वायरिंग दुरुस्ती ऑटो इलेक्ट्रिशियनकडे द्या. आपलं काम वायर तुटू नये यासाठी आहे.

आता हिशोब

खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या गावचे दर टाकून पुन्हा मांडा.

समजा सोसायटीत ६० गाड्या आहेत आणि २० जण तयार झाले. तपासणी, सफाई आणि जाळी मिळून एका गाडीचे १,२०० रुपये. साहित्य ३५० रुपये. उरले ८५०. वीस गाड्यांचे १७,०००. दिवसाला पाच गाड्या धरल्या तर चार दिवस. मदतनीसाला रोज ७०० म्हणजे २,८०० गेले. राहिले १४,२००, त्यातून प्रवास आणि फोन.

हे एकदाच मिळतात. खरी गंमत पुढे आहे. महिन्यातून दोन वेळा तपासणी, गाडीमागे महिना २०० रुपये. वीस गाड्यांचे ४,०००. एका गाडीला दहा मिनिटं धरली तर एका फेरीला साडेतीन तासांच्या आत काम संपतं. म्हणजे महिन्याच्या दोन सकाळी. अशा पाच सोसायट्या झाल्या तर दहा सकाळी आणि २०,००० रुपये, आणि उरलेले दिवस नवीन काम शोधायला मोकळे.

आता बाटलीशी तुलना करा. एका बाटलीमागे ८० रुपये सुटतात असं धरा. वीस बाटल्यांचे १,६००. आणि पंधरा दिवसांनी त्यातले निम्मे लोक दुकानात येऊन भांडतात. बाटलीही ठेवा, पण सेवेच्या जोडीला.

सुरुवातीला काय लागतं? टॉर्च, हातमोजे, मास्क, फवारणीचा पंप, जाळीचा रोल, पत्रा कापायची कात्री, केबल टाय, पाच-सहा पिंजरे आणि छापील तपासणी तक्ता. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. फक्त सेवेचा धंदा असेल तर महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही.

ग्राहक विचारणारच: "गॅरंटी आहे का?"

उंदराची गॅरंटी देणारा माणूस एक तर नवीन असतो किंवा खोटं बोलत असतो. तुम्ही असं सांगा: "उंदीर येणारच नाही, असं मी म्हणणार नाही. पण दर पंधरा दिवसांनी मी बघणार, फोटो पाठवणार, आणि जाळी निसटली तर फुकट बसवून देणार." हे वाक्य बिलावर छापा. जे पाळता येतं तेच छापायचं.

दुसरा प्रश्न इन्शुरन्सचा. फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानाचे पैसे मिळत नाहीत. स्वतःच्या नुकसानाचं कव्हर असेल तर उंदराचं नुकसान धरतात का, हे ग्राहकाने कंपनीला लेखी विचारून घ्यावं. आणि क्लेम केला की नो क्लेम बोनस जातो, जो २० ते ५० टक्क्यांपर्यंत असतो. छोट्या दुरुस्तीसाठी क्लेम करणं कधी कधी महागात पडतं. वॉरंटीवरही विसंबू नका, ती बनवण्यातल्या दोषासाठी असते. हे सगळं तुम्ही समजावून सांगितलंत की ग्राहक तुम्हाला 'उंदीरवाला' न म्हणता सल्ला विचारायला लागतो.

तिसरी गोष्ट विश्वासाची. तुम्ही दुसऱ्याच्या गाडीचं बोनेट उघडताय. सोसायटीच्या कमिटीची लेखी परवानगी घ्या. वॉचमनच्या रजिस्टरमध्ये येण्याची-जाण्याची वेळ लिहा. गाडी उघडताना मालक किंवा त्यांनी सांगितलेला माणूस समोर असू द्या. कामाआधीचे आणि नंतरचे फोटो त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवा. आधीपासूनच तुटलेली वायर फोटोत असेल तर उद्या तिचं खापर तुमच्यावर फुटत नाही.

पहिले ग्राहक कोण? रोज गाडी चालवणारे नंतर. आधी शोधा आठवड्यातून एकदाच गाडी काढणारे आजी-आजोबा, ज्यांची मुलं परदेशात आहेत. घरातली दुसरी गाडी. जहाजावर किंवा बाहेरगावी नोकरी करणारे. उभी गाडी हे उंदराचं आवडतं घर, आणि हाच तुमचा पहिला बाजार.

या आठवड्याचं काम

१. तुमच्या बिल्डिंगमधल्या दहा गाडीमालकांना विचारा: कधी वायर कुरतडली का, खर्च किती आला, त्यानंतर काय केलं.

२. परवानगी घेऊन त्यातल्या तीन गाड्यांची फुकट तपासणी करा. रांगोळीचा प्रयोग करून बघा.

३. एका ऑटो इलेक्ट्रिशियनला आणि एका परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याला भेटून या.

४. तुमच्या दराने वरचा हिशोब वहीत मांडा.

दहातल्या तिघांनी जरी "हो, माझी वायर खाल्ली होती" असं सांगितलं तरी तुमच्या बिल्डिंगमध्ये काम आहे. एकानेही सांगितलं नाही तर पुढच्या गल्लीत विचारा. जिथे कचरा आणि जुन्या गाड्या जास्त, तिथे आधी जा.

तुमचा हिशोब कमेंटमध्ये टाका, आकड्यांसकट. कुठे काय बदलता येईल ते मी सांगतो. आणि आज रात्री गाडी लावताना तेवढं सीटखालचं वेफर्सचं पाकीट बाहेर काढा!